ठेकेदार निघून गेला, कंपनी म्हणते ‘तू आमचा माणूस नाहीस’: थकलेला पगार कोणाकडे मागायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे कमी-जास्त असेल तर ती तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही शहादा तालुक्यातून बडोद्याला आलात आणि मकरपुरा जीआयडीसीतल्या (राज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या) एका इंजिनिअरिंग कारखान्यात ठेकेदारामार्फत १४ महिने हेल्पर म्हणून काम करत आहात. पगार महिना १३,००० रुपये ठरला. शिफ्ट सकाळी ८ ते रात्री ८, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी, रविवार बंद. आठ तासांपुढच्या कामाचे पैसे मिळाले, पण साध्या दराने. पगारातून दरमहा १,५६० रुपये पीएफ म्हणून कापले गेले आणि पासबुकात मात्र एकही नोंद नाही. शेवटच्या दोन महिन्यांचा पगार मिळालेला नाही, ठेकेदार फोन घेत नाही आणि कंपनीतले साहेब सांगतात की तुझा आमच्याशी संबंध नाही. तुमच्याबरोबर गावचे आणखी सात जण आहेत, त्यांतल्या एकाची तर्जनी प्रेसमध्ये चेंगरली आणि ठेकेदाराने ४,००० रुपये देऊन ते प्रकरण मिटवले. गावाहून निघताना घेतलेल्या १५,००० रुपयांच्या उचलीचा हिशेबही तो पुढे करतो. तुम्ही विचारता की बाहेरच्या राज्यातून आलेल्या कामगाराला इथे कोणता कायदा लागू होतो, आणि गावी परत जाऊन तक्रार करता येईल का.

मी बडोद्यात कामगार कायद्याची वकिली करतो आणि अशी प्रकरणे माझ्याकडे मकरपुऱ्यातून, वाघोडियातून, सावली–मंजुसरमधून सतत येत असतात. थोडक्यात उत्तर असे की पगार कंपनीकडून वसूल करता येतो, तक्रारीचा बराचसा भाग गावाहूनही चालवता येतो, पण गाडीत बसण्यापूर्वी इथे काही कामे उरकलीच पाहिजेत. तुमची खरी अडचण कायदा कोणता ही नाही. तुम्ही त्या कारखान्यात, त्या तारखांना, तितके तास काम केले हे दाखवणारा कागद तुमच्या हातात नाही, ही खरी अडचण आहे. कंपनीला ते माहीत आहे, आणि तुम्ही गावी गेलात की सोबतचे साक्षीदार पांगतील हेही तिला माहीत आहे.

आधी कायद्याचे पाहू. बाहेरून आलेल्यांसाठी वेगळाच एखादा कायदा असतो आणि आपले सगळे हक्क त्यातच असतात, अशी समजूत मला बहुतेक सर्वांच्या बोलण्यात दिसते. वस्तुस्थिती तशी नाही. किमान वेतन, ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), बोनस हे हक्क तुम्ही कामगार आहात म्हणून तुमचे आहेत. तुमचे गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे की पंचमहालात, याचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. किमान वेतनाचा दर जिथे काम चालते त्या राज्याचा, म्हणजे तुमच्या बाबतीत गुजरातचा, आणि त्यातला खास भत्ता दर सहा महिन्यांनी, एप्रिल व ऑक्टोबरमध्ये बदलतो. त्यामुळे १४ महिन्यांपूर्वी ठरलेले १३,००० रुपये आजच्या दराला पुरतात की नाही, हे त्या त्या सहामाहीचा दर पाहूनच ठरवावे लागेल.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा स्वतंत्र कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि तो कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. या बदलात एक गोष्ट तुमच्या बाजूची झाली. जुन्या कायद्यात ठेकेदाराने गावाहून भरती करून आणलेलाच कामगार स्थलांतरित मानला जाई; आता स्वतःहून येऊन काम मिळवलेला आणि इथे एक कारखाना सोडून दुसऱ्यात लागलेला कामगारही त्या व्याख्येत येतो, मात्र त्याचे वेतन महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे. या तरतुदी दहा किंवा अधिक स्थलांतरित कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होतात. तुम्ही आठ जण म्हणता, पण मोजणी तुमच्या गावच्या माणसांची नसून संपूर्ण कारखान्याची असते. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेलेही तिच्यात धरायचे, तेव्हा मकरपुऱ्यातल्या कारखान्यात दहाचा आकडा गाठणे सहसा अवघड नसते. यातून मिळणारे मुख्य लाभ म्हणजे गावी जाण्या-येण्याच्या प्रवासभाड्याची ठरावीक रक्कम, गंभीर अपघात झाल्यास दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि घरच्यांना कळवण्याचे मालकावरचे बंधन, आणि इतर कामगारांना मिळणारे सर्व लाभ. तुमच्या थकलेल्या पैशांचा मोठा भाग मात्र या तरतुदींतून येणार नाही, तो त्या चार संहितांपैकीच एक असलेल्या वेतन संहिता, २०१९ मधून येईल. म्हणून मी तुमचा अर्ज लिहिताना स्थलांतराचा मुद्दा दुसऱ्या पानावर घेईन.

आता ‘तू आमचा माणूस नाहीस’ या वाक्याकडे वळू, कारण हे वाक्य ऐकून फार माणसे पगार सोडून देतात आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. वेतन संहितेच्या कलम ४३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की मालकाने वेतन दिले नाही, तर ज्या आस्थापनेत कामगार कामाला होता ती ज्या कंपनीची, फर्मची किंवा व्यक्तीची असेल, तिच्यावर ते देण्याची जबाबदारी येते. ठेका कामगारांविषयीच्या तरतुदीतही हेच आहे, आणि १९७० च्या जुन्या ठेका कामगार कायद्यातही हेच होते: ठेकेदाराने वेतन दिले नाही तर मूळ कंपनीने द्यायचे आणि मग ठेकेदाराच्या बिलातून वळते करून घ्यायचे. कधी कधी कंपनी सांगते की ठेकेदाराकडे पन्नासपेक्षा कमी माणसे आहेत, म्हणून त्याला परवाना लागत नाही आणि म्हणून कायदा लागू नाही. पन्नासची मर्यादा ठेका कामगारांच्या भागापुरती खरी आहे, पण कलम ४३ ला अशी कोणतीही मर्यादा नाही. तिथे तीस माणसांचा ठेकेदार असो की तीनशेंचा, उत्तर तेच राहते.

मात्र एक मर्यादा तुम्हाला आधीच सांगितली पाहिजे. थकलेला पगार कंपनीकडून मागणे वेगळे आणि कंपनीत कायम करा अशी मागणी करणे वेगळे. स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये ठरवले की ठेका बंद झाला म्हणून कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. ठेका केवळ नावापुरता होता, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. ती लढाई लांबते आणि तिला संघटनेचे बळ लागते. तुम्ही एकाच अर्जात दोन्ही मागितले तर कंपनी सगळी ताकद कायमपणाच्या मुद्द्यावर लावते, आणि तीन-चार महिन्यांत मिळू शकणारा पगार वर्षानुवर्षे अडकतो. माझा सल्ला असा की आधी फक्त पैशांचा दावा करा.

किती पैशांचा, हेही नीट पाहा. तुमच्या बोलण्यात दोन महिन्यांचा पगार, म्हणजे २६,००० रुपये, एवढाच आकडा आहे. तुम्ही सांगितलेल्या तपशिलावरून मी हिशेब मांडतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज ५०० रुपये आणि तास ६२.५० रुपये. जेवणाची सुट्टी वगळता रोजचे काम साडेअकरा तासांचे, म्हणजे साडेतीन तास ओव्हरटाइम, महिन्याला ९१ तास. कायद्याने हा दर दुप्पट, तासाला १२५ रुपये, म्हणजे महिन्याचे ११,३७५ रुपये होतात. बारा महिने तुम्हाला साध्या दराने ५,६८७.५० रुपये मिळाले, तेवढीच रक्कम दरमहा बुडाली, म्हणजे ६८,२५० रुपये. उरलेल्या दोन महिन्यांत पगार आणि ओव्हरटाइम दोन्ही मिळाले नाहीत, ते ४८,७५० रुपये. एकूण १,१७,००० रुपये झाले. यात पीएफ धरलेला नाही, बोनस धरलेला नाही. खाडे असतील तर आकडा खाली येईल, किमान वेतन १३,००० पेक्षा जास्त निघाले तर वर जाईल. पण २६,००० मागायला निघालेल्या माणसाला आपले १,१७,००० रुपये अडकले आहेत हे ठाऊकच नसावे, ही या शहरातली रोजची परिस्थिती आहे.

बारा तासांच्या शिफ्टबद्दल कंपनी म्हणेल की गुजरातेत आता ते कायदेशीर झाले आहे. २०२५ मध्ये राज्याने कारखान्यांसाठी दिवसाच्या तासांची मर्यादा १२ पर्यंत नेणारी दुरुस्ती केली हे खरे, पण आठवड्याचे ४८ तास तिने कायम ठेवले आणि त्यापुढे दुप्पट दरही. तुमचे आठवड्याचे ६९ तास होतात, तेव्हा २१ तासांचा ओव्हरटाइम कोणत्याही मोजणीने निघतोच. याआधी एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्य सरकारने साध्या दराने ओव्हरटाइमला मुभा देणारी अधिसूचना काढली होती. गुजरात मजदूर सभा या कामगार संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द केली. साथीच्या काळातही जो दर कमी करता आला नाही, तो मकरपुऱ्यातला एक ठेकेदार तोंडी ठरवून कमी करू शकत नाही. आणि ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तास काम करून घेतले, म्हणून त्या तासांचे पैसे बुडत नाहीत. बेकायदा काम करून घेण्याचा दोष मालकाचा आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. कारखाना खासगी असेल तर अधिकार राज्याच्या श्रम खात्याचा. पण ठेकेदार रेल्वेचे किंवा कोयलीच्या रिफायनरीसारख्या केंद्रीय उपक्रमातले काम करत असेल, तर अर्ज केंद्रीय श्रम आयुक्तांच्या यंत्रणेकडे जातो; चुकीच्या दारात गेलेला अर्ज परत येईपर्यंत महिने निघून जातात. दुसरे म्हणजे मुदत. वेतन संहितेखाली दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. जुन्या कायद्यांत थकलेल्या वेतनासाठी १२ महिने आणि किमान वेतनासाठी फक्त ६ महिने मिळत. तुमच्या कामाचा काही काळ २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा असेल, तर त्या महिन्यांपुरता समोरचा वकील जुन्या मुदतीचा वाद काढू शकतो. म्हणून तीन वर्षे आहेत या भरवशावर राहू नका आणि अर्ज याच महिन्यात द्या.

आता पुराव्याकडे येतो, आणि इथे थोडा वेळ घेतो, कारण प्रकरण इथेच उभे राहते किंवा पडते. वेतन दिले हे सिद्ध करण्याचा भार कलम ५९ प्रमाणे मालकावर आहे, तुमच्यावर नाही. हजेरीपट, वेतनाचे रजिस्टर ठेवणे आणि पगारपावती देणे हे त्याचे काम आहे. पण तो भार त्याच्यावर जाण्यासाठी तुम्ही तिथे कामाला होता एवढे तरी तुम्हाला दाखवावेच लागते. गेटपास असेल तर त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि पास कोणी परत मागितला तर पोच घेतल्याशिवाय देऊ नका. बँकेतून १४ महिन्यांचे स्टेटमेंट शिक्क्यासह घ्या. त्यात पगार ज्या नावाने जमा झाला ते नाव फार मोलाचे असते, कारण ठेकेदाराचे खरे नोंदणीकृत नाव पुष्कळ कामगारांना माहीतच नसते, ते त्याला नुसते भाई म्हणून ओळखतात. सुपरवायझरने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले ‘उद्या सात वाजता ये’, ‘आज रात्रपाळी कर’ यांसारखे निरोप हे ओव्हरटाइमचे उत्तम पुरावे आहेत. ते पुसू नका, आणि प्रकरण संपेपर्यंत तो फोन विकू किंवा बदलू नका, कारण न्यायालयात असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ फोन हाताशी असला तर तुमचे म्हणणे टिकते. कारखान्याच्या आत फोटो काढायला मनाई असेल तर काढू नका. त्यावरून तुमच्यावरच आरोप ठेवण्याची संधी देण्यात अर्थ नाही. मशीनवर अंगठ्याची हजेरी होत असेल तर अर्जातच लिहा की त्या मशीनची नोंद कंपनीने हजर करावी. कंपनीने ती दिली नाही, तर त्याचा अर्थ तिच्याविरुद्ध काढावा असे सांगता येते.

रोजच्या तासांची वही लिहिली नसेल तर आज आठही जणांनी वेगवेगळे बसून, आठवते तसे महिन्यावार लिहून काढा. एकमेकांचे पाहून लिहू नका. आठ जणांच्या आठवणींत थोडा फरक राहणे स्वाभाविक आहे आणि न्यायाधीशांना तो पटतो; एकाच हाताने उतरवल्यासारखे आठ कागद पटत नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हिशेब करतो म्हणून कोणी तुम्हाला बोलावले तर कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर किंवा न वाचलेल्या गुजराती मजकुरावर सही करू नका. ‘सर्व हिशेब मिळाला, आता काही बाकी नाही’ असे लिहिलेले व्हाउचर श्रम कार्यालयात पहिल्याच तारखेला बाहेर येते, आणि खाली तुमची सही असते. काही रक्कम घ्यायची वेळ आलीच तर सहीजवळ मराठीत रक्कम, तारीख आणि ‘उरलेल्या रकमेचा हक्क राखून’ असे स्वतःच्या हाताने लिहा. गुजराती कागद वाचून घेण्यासाठी रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या एखाद्या मराठी घराचे दार वाजवायला संकोच करू नका. आमची घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, दोन्ही लिप्या आम्हाला येतात, आणि खानदेशातून आलेल्या मुलांसाठी एवढे करणे हे आमचे कर्तव्यच आहे. ठेकेदाराने एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवले असेल तर बँकेत जाऊन ते आजच बंद करा आणि नवे घ्या. पगार खात्यात जमा करून त्यातली काही रक्कम रोख परत मागण्याची पद्धत असेल, तर तेवढे वेतन दिलेच नाही असे धरून ती रक्कम हिशेबात मांडा.

पीएफचे प्रकरण वेगळ्या वाटेने न्यायचे. पासबुक रिकामे असण्याची दोन कारणे असतात: एकतर पैसे भरलेच नाहीत, किंवा ते तुमच्या नावाच्या दुसऱ्याच यूएएनवर (पीएफ सदस्याच्या क्रमांकावर) भरले आहेत. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. ठेकेदाराचे नाव घातले की कोणत्या महिन्यात किती जणांचे पैसे भरले ते दिसते. कापलेली रक्कम भरलीच नसेल, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ प्रमाणे विश्वासघाताचा गुन्हा ठरतो, आणि ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगारांच्या वर्गणीची पहिली जबाबदारी पीएफ योजनेनेच मूळ कंपनीवर ठेवली आहे. बारा महिन्यांत तुमचे १८,७२० रुपये कापले गेले, आणि मालकाचा वाटाही जवळपास तितकाच. ही तक्रार घरबसल्या ऑनलाइन होते आणि हातात पगारपावती असेल तर ती लवकर पुढे सरकते. पगाराच्या तडजोडीत ‘पीएफही सोडला’ असे वाक्य कोणी घातले तर ते मान्य करू नका. हा हक्क करार करून सोडता येत नाही.

उचलीविषयी. कामावर येण्यापूर्वी दिलेली उचल पगारातून कापण्याला कायद्याने मर्यादा घातल्या आहेत, आणि प्रवासखर्चासाठी दिलेली उचल तर मुळीच कापता येत नाही. सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. म्हणून त्या १५,००० रुपयांपैकी गाडीभाड्याचे किती आणि घरखर्चासाठी किती, हे आठवून लिहा, तसेच आजवर त्यापैकी किती कापून झाले तेही. उचल बाकी आहे म्हणून तुला काम सोडता येणार नाही, असे कोणी म्हटले तर ते १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कक्षेत जाते आणि त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे होते.

ज्यांचे बोट चेंगरले त्यांचे प्रकरण तुमच्या पगाराच्या अर्जात घालू नका, ते स्वतंत्र आणि जास्त गंभीर आहे. कारखान्यात दहा किंवा अधिक कामगार असतील आणि वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होते. तुमची नोंदणी ठेकेदाराने केली नसली तरी तुम्ही विमाधारक ठरू शकता आणि महामंडळ पुढे वर्गणी मालकाकडून वसूल करते. कामावरच्या इजेत जितके दिवस काम बंद राहिले तितक्या दिवसांचे वेतनाच्या सुमारे ९० टक्के मिळतात आणि कायमचे अपंगत्व राहिले तर त्याचा वेगळा लाभ मिळतो. ईएसआय लागूच नसेल तर कामगार भरपाईचा दावा होतो. भरपाईच्या परिशिष्टात संपूर्ण तर्जनी गेल्यास कमाईच्या क्षमतेत १४ टक्के घट धरली आहे, टोकाचे एक पेर गेल्यास ९ टक्के. वय आणि वेतनाप्रमाणे रक्कम ठरते, आणि ती ४,००० रुपयांच्या आसपास असण्याची शक्यता नाही. सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवलेली नसलेली तडजोड पूर्ण भरपाईच्या आड येत नाही. या दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची, आणि तो कामगार जिथे राहतो तिथेही, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातही दाखल करता येतो. त्यांनी खासगी दवाखान्याची चिठ्ठी, एक्स-रे आणि पावत्या जपून ठेवाव्यात, आणि शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालयात बोट दाखवून त्याची नोंद करून घ्यावी.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवा. आधी ठेकेदार आणि कंपनी या दोघांनाही एकाच मजकुराचे मागणीपत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपा. या पत्राचा उपयोग नुसता औपचारिक नाही. ठेकेदाराचे शेवटचे बिल किंवा अनामत बहुतेक वेळा कंपनीकडे पडून असते. तुमचे पत्र ते बिल निघण्यापूर्वी पोहोचले तर कंपनी स्वतःच्या बचावासाठी ते थांबवते, आणि मग पैसे कुठून द्यायचे हा प्रश्न उरत नाही. पत्र महिनाभर उशिरा गेले आणि बिल निघून गेले, तर त्याच कंपनीला पैसे स्वतःच्या खिशातून द्यावे लागणार असतात आणि ती शेवटपर्यंत भांडते. त्यानंतर श्रम कार्यालयात निरीक्षकाकडे तक्रार आणि वेतन संहितेच्या कलम ४५ खाली दाव्याचा अर्ज द्या. दावा मंजूर झाल्यास प्राधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो, आणि निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा असे कायदा सांगतो. दहापट क्वचितच मिळते, पण या तरतुदीमुळे समोरचा माणूस बोलायला तयार होतो.

तडजोडीचा प्रस्ताव बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला येतो. घ्यावा की नाही हे तुमच्या घरच्या गरजेवर अवलंबून आहे, आणि त्यात मी कोणाला भरीला घालत नाही. पण १,१७,००० चा हिशेब कागदावर मांडलेला असेल तर बोलणी तिथून सुरू होतात. नसेल तर २६,००० पासून सुरू होऊन १५,००० वर थांबतात. रक्कम अधिकाऱ्यासमोर, बँक खात्यात आणि तारीख ठरवूनच घ्या.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर औद्योगिक कामगाराला, आणि अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्तीला, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. फोन क्रमांक १५१०० आहे. नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दिलेला अर्जही बडोद्याच्या प्राधिकरणाकडे पाठवता येतो. इथे राहणार असाल तोवर गावच्या शिधापत्रिकेवरच बडोद्यात धान्य मिळते, अंगठा लावून. खोलीभाडे आणि जेवण यांच्या ताणामुळे घाईने निघून जाऊ नये, म्हणून हे सांगतो. ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचे) असेल तर उत्तम, पण ते पगाराचा पुरावा नव्हे.

गावी जाण्यापूर्वी मागणीपत्राच्या पोचा, श्रम कार्यालयाच्या शिक्क्याची अर्जाची प्रत आणि वकीलपत्रावरची सही एवढे उरकले पाहिजे. अर्ज आठही जणांनी एकत्र द्यावा, पण प्रत्येकाच्या हिशेबाचा कागद स्वतंत्र असावा, कारण एकाने तडजोड केली तर बाकीच्यांचे दावे अडू नयेत. साक्षीच्या तारखेला स्वतः यावे लागेल, इतर तारखा वकील पाहील. नंदुरबारहून सुरतमार्गे येता येते, तेव्हा आठ जणांच्या साक्षी शक्यतो एकाच आठवड्यात ठेवाव्यात अशी विनंती अर्जातच करता येते. आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद होऊ देऊ नका; पीएफचा ओटीपी, बँकेचा निरोप आणि श्रम कार्यालयाची तारीख या तिन्ही गोष्टी त्याच क्रमांकावर येणार आहेत.